चार रविवारच्या सह्या

औरंगपुऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी आठवडाभर भूगोल शिकवायचो आणि रविवारी त्याच इमारतीत दूरशिक्षणाचं अभ्यासकेंद्र चालवायचो. विद्यापीठ लांब, दुसऱ्या शहरात. त्याची पुस्तकं, गृहपाठ, परीक्षेचे अर्ज, तक्रारी, सगळं आमच्या दोन खोल्यांतून जायचं. कागदावर मी केंद्र संयोजक. विद्यार्थी मात्र 'केंद्राचे सर' म्हणायचे.

हे काम मी चांगलं केलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे सांगणार आहे त्यानं ते खोटं ठरत नाही, आणि त्याच्या आड मला लपायचंही नाही. बरीच वर्षं लपलो, तेवढं पुरे.

आमच्याकडं येणारी माणसं कॉलेजातल्या पोरांसारखी नव्हती. एसटीचे कंडक्टर, होमगार्ड, दवाखान्यातल्या नर्सबाई, कापडाच्या दुकानात दिवसभर उभे राहणारे, लेकरं शाळेत घालून मग स्वतःचं दप्तर काढलेल्या सुना. पुस्तकांचे गठ्ठे ट्रान्सपोर्टनं यायचे. हमखास पुढच्या वर्षाची पुस्तकं आधी आणि चालू वर्षाची मागून. आली की मी एकेकाला फोन करायचो. मुकुंदवाडीच्या एका कामगाराची पाळी अशी होती की त्याला केंद्रावर येताच यायचं नाही. त्याची पुस्तकं मी स्कूटरवर नेऊन स्टेशनाच्या फलाटावर त्याच्या हातात दिलेली आहेत. तो माणूस पुढं पदवीधर झाला.

शिकवणाऱ्यांना सांभाळणं हे आणखी वेगळं काम. रविवारी सकाळी घर सोडून कोण येतो? आले तरी पहिल्या तासाला गडबडायचे. समोर चाळिशीची बाई बसलेली आणि हे म्हणणार, 'मुलांनो'. नव्या शिक्षकाला व्हरांड्यात चहा देता देता मी सांगायचो, "वाचून आलात का, असं एकदम विचारू नका. वाचायला सवड असती तर आले कशाला असते? आधी विचारा, कुठनं आलात, परतीची गाडी कितीची आहे. मग शिकवा." अर्थशास्त्राचे एकजण फणकारले होते, "सर, मी शिकवायला आलोय. मला काय एसटीच्या चौकशी खिडकीत बसवताय?" दोन महिन्यांत तेच गृहस्थ फळ्याच्या कोपऱ्यात गंगापूर, वैजापूर, पैठणच्या गाड्यांच्या वेळा लिहायला लागले आणि त्या बघून तास आवरायला लागले.

आता हजेरीचं सांगतो.

त्या अभ्यासक्रमाला रविवारच्या तासांची ठरावीक हजेरी सक्तीची होती. ती भरली नाही तर परीक्षेचा अर्ज परत यायचा. नियम ठीकच होता. पण पेरणीचा रविवार असतो, घरात बाळंतपण असतं, कंडक्टरची ड्यूटी ऐनवेळी बदलते, गंगापूरची गाडी मध्येच बंद पडते. दोन वर्षं मी चांगली चांगली माणसं हजेरीपायी अडलेली पाहिली. मग मीच एक पद्धत पाडली. महिन्याच्या पहिल्या रविवारी जे येतील त्यांनी नोंदवहीत चारी रविवारच्या सह्या करून ठेवायच्या. पुढं आले तर उत्तम, नाही आले तरी वर्ष वाचलं. तासाचे शिक्षक महिनाअखेरीला खाली सही करायचे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. इतर केंद्रांची माणसं विचारायची, "तुमच्याकडं हजेरीत एकही पोरगं कसं अडत नाही?" मी नुसता हसायचो. ते हसू कौतुक करून घेणाऱ्याचं होतं.

त्या दिवसांत गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक अंगणवाडी सेविका बी. ए. करायला यायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणायचो. वडिलांची मेंढरं. वर्षातले कितीतरी महिने सगळं घर कळपामागं गावोगाव. "माझी शाळा बी मेंढरामागंच फिरली, सर," असं त्या सांगायच्या. दहावी लग्नानंतर केली, बारावी थोरला मुलगा दहावीत असताना. पदवी कशासाठी, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. पदवी झाली की पर्यवेक्षिकेच्या निवडयादीत नाव लागतं, तालुक्यातल्या पंचवीस-तीस अंगणवाड्या हाताखाली येतात. पण वयाची अट होती. "पास झाल्यावर एकच यादी घावंल मला. तिच्यात लागले तर लागले. दुसरी यादी निघंपर्यंत माझं वय निघून जातंय."

ताईंना खरं ओळखलं ते समाजशास्त्राच्या मॅडमनी. मॅडम महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या, तरी रविवारी यायच्या, आणि आमच्याकडं गृहपाठ अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या त्या एकट्याच. बाकीचे जाडी बघून गुण द्यायचे. सामाजिक स्तरीकरणावर एक प्रश्न होता. सगळ्यांनी गाइडातली व्याख्या उतरवली. ताईंनी लिहिलं होतं की खिचडी वाढताना कुठली आई आपल्या लेकराला दारातूनच डोळ्यांनी सांगते, त्याच्याशेजारी बसू नको. आणि त्या आईला न दुखवता सगळ्या लेकरांना गोल कसं बसवावं लागतं. मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं.

"व्याख्या मी तुम्हाला देते, बाई. पण हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं."

"मग दोन मार्क कशापायी कापले, मॅडम?"

"प्रश्न क्रमांक टाकला नाहीत म्हणून."

वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पेन काढून तिथल्या तिथं क्रमांक टाकला आणि वही पुन्हा मॅडमपुढं सरकवली.

शेवटच्या वर्षाला, एका महिन्याच्या पहिल्या रविवारी, सह्यांची रांग लागली होती. ताईंचा नंबर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तिसऱ्या रविवारी पोलिओचा डोस हाय. गावात बूथ लागतो, मला हलता येत नाय."

"नका येऊ. सही करून ठेवा."

"चालतंय का तसं?"

"आपल्याकडं चालतं."

त्यांनी चारही चौकटींत सह्या केल्या. हे संभाषण मला शब्दन् शब्द आठवतं. विसरलो असं म्हणायची सोय माझ्याकडं कधीच नव्हती.

ताई पास झाल्या. पर्यवेक्षिकेच्या यादीत नाव लागलं, तेही वरच्या चारांत. मग यादीत त्यांच्या खाली असलेल्या कुणीतरी माहितीच्या अधिकारात आमच्या केंद्राच्या हजेरीची नक्कल मागितली. मी नियमाप्रमाणे दिली. तेव्हाही काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते महिन्याभरानं, जेव्हा ती नक्कल जोडून तक्रार झाली आणि अंगणवाड्यांचा कारभार बघणाऱ्या तालुक्याच्या प्रकल्प कार्यालयाचं पत्र आलं. अमुक रविवारी या सेविकेची सही पोलिओ बूथच्या कागदावर आहे आणि तुमच्या नोंदवहीतही आहे. त्या दिवशी त्या केंद्रावर प्रत्यक्ष हजर होत्या काय, ते कळवावे.

मी उत्तर लिहिलं, 'सदर विद्यार्थिनी केंद्राच्या नोंदवहीनुसार उपस्थित होत्या.' खाली सही, शिक्का. या वाक्यात एक शब्दही खोटा नाही. तरी मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यांत खोटं वाक्य हेच. त्याचा अर्थ कार्यालयात एकच निघाला. बाई रविवारी शहरात तासाला बसल्या होत्या आणि बूथवर न जाता तिथली सही मागून ठोकली. सरकारी कामात लबाडी. त्यांना नोटीस गेली, पंधरा दिवसांत खुलासा करा.

ताई आल्या त्या गुरुवारी. भूगोलाच्या तासातून मी बाहेर पडलो तर व्हरांड्यात उभ्या.

"सर, मी त्या दिवशी आले नव्हते. तुम्हाला ठाऊक हाय."

"ठाऊक आहे."

"मग तेवढं लिहून द्या. बूथवर मी व्हते म्हणून गावची आशा वर्कर सांगतीय, सरपंच सांगतोय. साहेब म्हणतात, तोंडी नको, कागद आणा. दोनीकडं सही हाय, तर एक खोटी असणारच, असं म्हणतात."

"ताई, सही तुमचीच आहे की."

त्या म्हणाल्या, "व्हय. माझीच हाय. तुम्ही म्हणला म्हणून केली."

मी म्हणालो, "बघतो. प्राचार्यांना विचारावं लागेल. रविवारी या."

मी लिहून दिलं असतं तर आपोआप सगळी नोंदवही खोटी ठरली असती. चौकशी लागली असती, केंद्र बंद झालं असतं, बाकी सगळ्यांची वर्षं गेली असती. हे कारण मी नंतर कितीतरी जणांना, मुख्यतः स्वतःला, सांगितलं. कारण वजनदार होतं. पण ते आधी सुचलं नव्हतं. आधी सुचलं ते एवढंच, की माझं काय होईल. विद्यार्थ्यांचं कारण त्यावर मागाहून पांघरलं.

रविवारी ताई सकाळच्या पहिल्या गाडीनं आल्या. मी सांगितलं, प्राचार्य रजेवर आहेत. त्या परतीच्या गाडीनं गेल्या. मॅडम शेजारच्या टेबलाशी गृहपाठ तपासत बसल्या होत्या. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "प्राचार्य रजेवर कधी गेले? आत्ता खाली मी त्यांच्याबरोबर चहा घेतला."

मग मला सगळं सांगावं लागलं. त्यांनी पिशवीतून आपली डायरी काढली. कुठल्या तासाला कोण आलं, काय विचारलं, हे त्या लिहून ठेवायच्या. पानं उलटून त्यांनी तो रविवार काढला.

"सहा जण होते. ती नव्हती. आणि नोंदवहीत तुमच्या त्या भरगच्च सह्यांखाली माझी सही आहे. म्हणजे लबाडीत मीही आले. कागद द्या, मी लिहून देते."

"मॅडम, केंद्र बंद पडेल."

"तिचं सगळं बंद पडतंय त्याचं काय?"

मी म्हणालो, "तुमच्या पत्रावर केंद्राचा शिक्का नाही, ते कुणी धरणार नाही. मीच लिहितो. सोमवारी पाठवतो." त्यांनी विश्वास ठेवला. त्या आठवड्यात त्या लेकीकडं पुण्याला गेल्या. परत आल्यावर पहिला प्रश्न हाच, पत्र गेलं का? मी म्हणालो, गेलं.

गेलं नव्हतं. लिहिलंही नव्हतं. पंधरा दिवस संपले. ताई तिसऱ्यांदा आल्या नाहीत. त्यांचं नाव यादीतून निघालं, सेवापुस्तकात शेरा बसला, आणि ती जागा यादीतल्या पुढच्या बाईला मिळाली. मॅडमना वाटलं, पत्र जाऊनही कार्यालयानं ऐकलं नाही. त्या कार्यालयाला नावं ठेवत होत्या आणि मी शेजारी बसून ऐकत होतो.

वर्ष गेलं. पुन्हा नवी तुकडी आली, पुन्हा महिन्याचा पहिला रविवार, पुन्हा रांग. हो, पद्धत मी तशीच चालू ठेवली होती. रांगेत एक पोलीस शिपाई मुलगी होती. तिनं पहिल्या चौकटीत सही केली आणि थांबली.

"सर, पुढच्या रविवारी मी बंदोबस्तावर असले तर? तिकडंबी माझी हजेरी लागती."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं कर ना सही, पोलिसाला कोण धरणार?" रांग हसली. ती हसली नाही. "मला नाही करायची, सर. जेवढं आले तेवढंच लावा," असं म्हणून तिनं पेन ठेवलं.

मी नोंदवही मिटली आणि सांगितलं, आजच्यापुरती सही, बाकीच्या चौकटी मोकळ्या ठेवा. आधीच केलेल्यांच्या सह्या मी त्यांच्यासमोर लाल शाईनं खोडल्या. खूप कुरकुर झाली. त्या मुलीनं काही विशेष केलं नव्हतं. ताईंनीही 'चालतंय का तसं?' म्हणून हेच विचारलं होतं. फरक इतकाच की ताईंनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला आणि या मुलीनं ठेवला नाही. दोघींत चुकल्या कोण, तर भरवसा ठेवणाऱ्या. ही अवस्था मी केली होती.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. चारी रविवारच्या सह्या आगाऊ घेण्याची पद्धत माझी. ताई त्या दिवशी आल्या नव्हत्या. येणार नाहीत हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. तरी मी सही करायला लावली. शिक्का मारला. गंगापूरपर्यंत एसटीनं गेलो, पुढं जीपनं. अंगणवाडीत खिचडी वाढणं चाललं होतं. मला दारात बघून ताईंनी मदतनीस बाईच्या हातात पळी दिली आणि बाहेर आल्या. मी पत्र पुढं केलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, शेवटच्या शिक्क्यापर्यंत.

"ह्यो कागद आता मी कुणाला दाखवू?"

कागद तसाच हातात धरून त्या बोलत होत्या.

"त्या वक्ताला मी तीनदा येणार व्हते. दोनदा आले. तिसऱ्यांदा मालक म्हणले, कशाला भीक मागाया जाती. मग नाय आले." पत्र घडी करून त्यांनी मला परत दिलं. "मला नको, सर. जिथं पयलं दिलं तिथंच द्या. तुमच्या हातानं द्या, पोस्टानं नको."

"चूक झाली, ताई."

"चूक झाली म्हणू नका. चूक माझी झाली असती, मी न विचारता सही केली असती तर. मी विचारून केली."

त्यांनी पाणी विचारलं नाही आणि मी ते मनाला लावून घेतलं नाही. आत लेकरं ताटं वाजवत होती, त्या आत गेल्या.

तिथून मी सरळ तालुक्याला गेलो. कार्यालयात साहेब फिरतीवर होते. टेबलाशी एक मध्यमवयीन कार्यालय अधीक्षक बाई होत्या. त्यांनी माझं पत्र वाचलं, कपाटातून जुनी फाइल काढली आणि माझं पहिलं पत्र शेजारी ठेवलं.

"यातलं खरं कुठलं?"

"आजचं."

"मग हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"तेव्हा माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

बाईंनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत. नुसत्या कामाच्या सुरात म्हणाल्या, "हे यात कुठं नाही. तुम्ही लिहिलंय, पद्धत चुकीची होती, बाई आल्या नव्हत्या. पण साहेब पहिलं विचारणार, मग आधी असं का कळवलं? गैरसमज झाला म्हणून सोडून देतील. बाईंचा शेरा काढायचा तर ते खाली लिहा." आणि त्यांनी पेन दिलं.

मी उभ्या उभ्याच लिहिलं, 'पहिले पत्र लिहिताना वस्तुस्थिती मला पूर्ण माहीत होती. स्वतःच्या बचावासाठी मी ती लपवली.' वर्षभर जे लिहायला मी घाबरत होतो ते दोन ओळींत मावलं. बाईंनी आवक क्रमांक टाकून पोच दिली.

परत आल्यावर मॅडमना सांगितलं, पत्राविषयी मी त्यांच्याशी खोटं बोललो तेही सांगितलं. त्यानंतर त्यांनी माझ्याबरोबर व्हरांड्यात चहा घेणं बंद केलं, पण रविवारचा तास एकही चुकवला नाही.

विद्यापीठाची चौकशी समिती आली. मी सगळ्या नोंदवह्या पुढं ठेवल्या आणि विचारायच्या आत सांगत गेलो. माझं संयोजकपद गेलं, महाविद्यालयानंही माझी एक वेतनवाढ रोखली. केंद्र बंद पडलं नाही. चालू तुकडीची हजेरी नव्यानं भरून घ्या, असा आदेश आला. मग सुट्टीत, भर उन्हाळ्यात, रोज सकाळी तास लावले. कंडक्टर ड्यूटी संपवून खाकीतच यायचे. मॅडमनी सलग तीन तास घेतले, अर्थशास्त्राच्या सरांनी गाड्यांच्या वेळा पुन्हा फळ्यावर लिहिल्या, आणि मी, आता कुठल्याही पदाशिवाय, ज्यांना येणं जमत नव्हतं त्यांच्या घरी जाऊन अडचण काय ती बघून आलो. हजेरीपायी एकही विद्यार्थी अडला नाही. खऱ्या हजेरीनं. ज्या भीतीपायी मी ताईंचे पंधरा दिवस घालवले तिचा निकाल एका उन्हाळ्यात लागला होता. हे आधीही जमलं असतं. तेवढं काम मला येत होतं.

ताईंच्या सेवापुस्तकातला शेरा पावसाळ्यात रद्द झाला. निवडयादी मात्र केव्हाच बंद झाली होती आणि वयाची अट ओलांडली होती. कार्यालयानं त्यांच्याकडून काढून घेतलं ते मी परत मिळवून दिलं, असं कुणी म्हणालं तर मी दुरुस्त करतो. ते कार्यालयानं काढून घेतलं नव्हतं, मी घेतलं होतं, आणि त्यातला फक्त डाग परत गेला. जागा गेली ती गेली. त्या अजून त्याच गावात सेविका आहेत.

शेरा निघाल्याचं कळलं त्या सकाळी मी त्यांना फोन केला. दोनदा वाजून गेला, तिसऱ्यांदा उचलला.

"ताई, शेरा रद्द झाला. आदेश निघालाय."

"कळलंय. कागद आलाय माझ्याकडं."

मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं.

"बरं, ठेवते सर," त्या म्हणाल्या. "लेकरं यायलीत."